नमुना कोणाचा

पावणेअकराला एक बाई काउंटरवर आल्या.
मुंबई नाक्यापासून शेअर रिक्षा, मांडीवर पिशवी,
पिशवीत स्टीलचा डबा, डब्यात बर्फ,
बर्फात दोन बाटल्या,
ज्या हलवायच्या नाहीत
असं त्यांना तीनदा बजावलं होतं.
"गडकरी चौकात खड्डा लागला," म्हणाल्या,
"पण मी डबा अधांतरी धरला होता."

फॉर्मवर पहिला रकाना: नमुना कोणाचा.
"माझा."
मग थांबल्या.
"सुनेचा लिहा. माझी डावी. फाल्गुनात दिली तिला."

मी लिहिलं: सुवर्णा भास्कर उगले, वय एकतीस, सिन्नर.
दाता: पर्वताबाई उगले. नातं: सासू.
मग स्टिकर लावला, केटी शून्य चार सात,
आणि दोघींचीही नावं संपली.
संशोधनाच्या काचेवर नाव चालत नाही.

तुकडा म्हणजे काय, शेवयीचा अर्धा धागा.
चौदा मिलिमीटर.
रात्रभर अल्कोहोलमधून, झायलीनमधून
पाणी सोडत सोडत गेला
आणि पहाटे साठ अंशांच्या मेणात बसला.
अठरा वर्षं शरणपूर रोडच्या या खोलीत
मी मेण कापतो.
चाक फिरवलं. दोन मायक्रॉन.
पट्टी कोमट पाण्यावर सोडली, सुरकुती पडली,
डोळ्यातलं कुसळ काढावं तशी ब्रशने उलगडली.
तीन काचा गुलाबी रंगात, एक चांदीत,
बाकी कोऱ्या, कपाटात,
पुढे कोणाला काही सुचलं तर.

गडाख मॅडम मोठ्याने मोजतात.
बारा गाळण्या. एक निकामी.
नळ्यांच्या मध्ये गर्दी.
नळ्या पर्वताबाईंच्या,
निळ्या ठिपक्यांची गर्दी सुनेची,
काही भिंतीला कान लावून,
काही उंबरा ओलांडून आत.
मॅडमना असली वाक्यं आवडत नाहीत.
"आय एक, टी एक. बॉर्डरलाइन. लिहा."
मी लिहिलं.

स्टडीच्या तक्त्यात नात्याचा रकाना आहे:
आई, आई, बहीण, बायको, बायको,
वडील, आई, बायको.
चौतीस दात्यांत एकोणतीस बायका.
हे कशामुळे, ते या स्टडीत बसत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा हजर.
रिपोर्ट थेट डॉक्टरांना जातो, मी म्हटलं.
"मग मला बघू द्या."
दाखवायचं नसतं.
मॅडम जेवायला गेल्या होत्या.

दोन भिंगं असून त्यांनी एक डोळा मिटला.
बराच वेळ.
"गुलाबी आहे की."
रंग आम्ही दिलाय.
"मग मुळात कसली?"
मला चटकन सांगता येईना.
इतकं पातळ कापलं
की कोणाचंही काहीच दिसत नाही.
"आणि हे गोल?"
गाळण्या. बारा.
"बाराच?"
या तुकड्यात. आत लाखो असतात.
"मग बारा मोजून काय कळतं?"
हा प्रश्न आमच्याकडे परिषदेत विचारतात,
तासभर चालतो.

"भांडतेय का?"
कोण कोणाशी, ते मी विचारलं नाही.
थोडंसं, म्हटलं. गोळ्या वाढवतील बहुतेक, डॉक्टर सांगतील.
"घरात नाही भांडत आता," त्या म्हणाल्या.
"आधी मिठावरून फार व्हायचं."

जिन्यापाशी जाऊन परत वळल्या.
"डबा राहिला. शेजारणीचा आहे."
डबा मी साबणाने दोनदा घासून ठेवला होता.
रिकामा डबा परत देत नाहीत आमच्याकडे,
पण लॅबमध्ये घालणार काय?
बाहेरच्या चहाच्या टेबलावरून
चमचाभर साखर आणून टाकली.
झाकण लावून दिला.

त्यांनी डबा तसाच धरला, अधांतरी, दोन्ही हातांनी.
"हलवायचा नाही ना?"
आता हलवा, म्हटलं.